लाइक नकोत, गिऱ्हाईक हवं

खांदा कॉलनीत बुटिक चालवणारी एक बाई, दुकानापासून चारशे मीटरवर राहणाऱ्या बायकांना "दिवाळीचे नवीन कुर्ते आलेत हो" एवढं एक वाक्य सांगायला कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीला पैसे भरते. ह्या प्रकाराला आपण मोठ्या कौतुकाने डिजिटल मार्केटिंग म्हणतो. मी ह्याला नाकर्तेपणा म्हणतो. त्या बाईंचा नव्हे, आपला. त्यांच्या आजूबाजूला राहणाऱ्या तुमचा-आमचा.

चिडू नका, का ते सांगतो. पण त्याआधी एक खुलासा. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, फॅशनमधलं मला शून्य कळतं. माझं कपाट म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांनी फुकट वाटलेल्या टीशर्टांचं संग्रहालय आहे. ह्या बुटिकवाल्या बाई माझ्या नात्यातल्या नाहीत. बायको त्यांची गिऱ्हाईक आहे, आणि बिल पूर्ण भरते. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण एकतर त्यांना विचारलेलं नाही आणि दुसरं म्हणजे मुद्दा एका दुकानाचा नाहीच. तुम्ही कामोठ्यात राहा, डोंबिवलीत राहा नाहीतर कोथरूडला, तुमच्या गल्लीतही अशी एक असणारच. काचेच्या दारामागे दोन पुतळे, एक शिलाई मशीन, आत एक मास्टर आणि काउंटरवर ताई. तिला डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

तर आधी त्या पैशांचं काय होतं ते बघू. हा विषय माझ्या धंद्याच्या जवळचा आहे, म्हणून जरा अधिकाराने बोलतो.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर पोस्ट 'बूस्ट' केली की ती लिलावात उतरते. तुमच्या मोबाइलवर जाहिरातीची एक जागा रिकामी झाली की त्या जागेसाठी क्षणार्धात बोली लागते. कोण जिंकणार हे तीन गोष्टींवरून ठरतं: बोली किती रुपयांची, बघणारा त्यावर बोट दाबण्याची शक्यता किती, आणि जाहिरातीचा दर्जा कसा. कंपनी स्वतःच हे सांगते, गुपित काही नाही. आता दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ह्या लिलावात कोण कोण बसलेलं असतं बघा. कपड्यांची ॲपं, गृहकर्जवाले, सोन्याचे सराफ, 'विमानतळापासून दहा मिनिटांवर' टू बीएचके विकणारे बिल्डर. आणि त्यांच्या शेजारी पाचशे रुपये मुठीत धरून बसलेल्या आपल्या ताई. सगळ्यांना तुमच्याच स्क्रीनवरची तीच दोन इंच जागा हवी आहे. कोण जिंकणार हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

त्यातून जाहिरात दाखवायची कुठे? पिनकोड टाका म्हणे. आपला ४१०२०६ हा पिनकोड जुन्या पनवेललाही आहे आणि नवीन पनवेललाही. गाढी नदीच्या पलीकडचा माणूस कुर्त्याच्या फोटोला अंगठा दाखवतो, ताईंना वाटतं वा, रीच वाढला. पण अंगठा दाखवणारा दुकानात येत नाही. तो फक्त अंगठाच दाखवतो. :-)

बरं, पूर्वी निदान स्वतः जमवलेले फॉलोअर तरी आपले होते. २०१६ साली इन्स्टाग्रामने पोस्टी वेळेच्या क्रमाने दाखवणं सोडलं. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की धंदेवाल्यांच्या पानांपेक्षा मित्रमंडळी आणि घरच्यांच्या पोस्टी वर दाखवू. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात अर्थ असा की ताईंनी पाच वर्षं घासून जे हजारभर लोक जमवले, त्यांच्यापर्यंत पोचायलाच आता भाडं द्यायचं. स्वतःच्या ओट्यावर बसायचं भाडं!

मी जाहिरातीच्या विरोधात नाही. नाशिकचं नाहीतर न्यू जर्सीचं गिऱ्हाईक हवं असेल तर खुशाल करा, त्या कामाला हे हत्यार चांगलं आहे. पण शेजारणीपर्यंत पोचायला? शेजारीण तर जिन्यात भेटते.

इथे कुणीतरी म्हणेल, अहो मग सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे की, फुकट आहे, तिथे टाकायचं. बरोब्बर. आता तिथली गंमत ऐका.

आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर ताईंनी एकदा तीन कुर्त्यांचे फोटो टाकले. खाली किंमत, मापं, दुकानाची वेळ, सगळं व्यवस्थित. सात मिनिटांत ॲडमिनचा हातोडा पडला: "नो कमर्शियल पोस्ट्स प्लीज." पोस्ट उडाली. ताई बिचाऱ्या 'सॉरी' लिहून गप्प बसल्या. त्याच दिवशी त्याच ग्रुपवर काय काय होतं? गुलाबाच्या फुलासकट सतरा गुड मॉर्निंग. मधुमेह कायमचा घालवणारा एक काढा. आणि संध्याकाळी एका काकांनी टाकलेली ऑनलाइन सेलची लिंक, "लवकर करा, आज रात्रीपर्यंतच ८० टक्के सूट". त्या लिंकला आठ जणांनी 'थँक्स काका' म्हटलं.

म्हणजे बघा, परगावच्या कंपनीचा सेल ही 'माहिती', आणि बी विंगमधल्या ताईंचा कुर्ता ही 'जाहिरात'. ह्या न्यायाला काय म्हणायचं? घर की मुर्गी दाल बराबर म्हणतात ते हेच.

नियमामागचं कारण मला समजतं. एकीला परवानगी दिली की उद्या विमा एजंट येणार, परवा क्लासवाले, तेरवा भिशीवाली. ग्रुपचा बाजार होईल. मान्य. पण मग आपण आयटीवाले दिवसभर हापिसात काय करतो? सर्व्हरवर फार विनंत्या आल्या म्हणून आपण सर्व्हर बंद करत नाही, रेट लिमिट लावतो. इथेही लावा ना! शनिवारी सकाळी दहा ते बारा. एका दुकानाची आठवड्यात एकच पोस्ट. दुकान आपल्या सेक्टरमधलंच हवं. किंमत लिहिलीच पाहिजे. चार नियम, संपला विषय. ह्याला समिती नको, सर्वसाधारण सभा नको. ॲडमिनच्या मनात आलं तर ह्याच शनिवारी होईल.

आणि आणखी एक फुकटातली गोष्ट. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं बसतात, पण निरोप पोचतो तो फक्त ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच. बूस्टचे पाचशे रुपये आणि तुम्ही नंबर सेव्ह करायचे पाच सेकंद, ह्यात दुकानाला जास्त उपयोग कशाचा आहे ते तुम्हीच ठरवा.

असो. आता माझा दुसरा राग. 'सपोर्ट लोकल'.

१२ मे २०२० च्या भाषणात पंतप्रधानांनी लोकलसाठी व्होकल व्हायला सांगितलं, आणि तेव्हापासून दर दिवाळीला एक फॉरवर्ड हमखास येतो. त्यात एक गरीब दुकानदार असतो, त्याची पोरं असतात, तुम्ही त्याच्याकडून काही घेतलंत की त्याच्या घरात दिवा लागतो वगैरे. वाचणाऱ्याचे डोळे पाणावतात. मग तो डोळे पुसतो आणि ॲपवरून तीन शर्ट मागवतो.

ह्या फॉरवर्डची मला खरीखुरी चीड आहे. बुटिक म्हणजे अनाथाश्रम आहे काय? ताई कापड निवडतात, रंग जुळवतात, कारागीर सांभाळतात, भाडं भरतात. त्यांना बिच्चारं ठरवून आपण त्यांच्या कामाची किंमत शून्य करतो. दयेपोटी माणूस एकदा खरेदी करतो. दुसऱ्यांदा येतो तो फक्त काम आवडलं म्हणून.

लोकलवाल्यांचा एक लाडका आकडा आहे, तोही तपासून घेऊ. २००२ साली अमेरिकेत ऑस्टिन शहरात सिव्हिक इकॉनॉमिक्स नावाच्या संस्थेने हिशेब मांडला. बॉर्डर्स ह्या साखळी दुकानात खर्च झालेल्या १०० डॉलरपैकी साधारण १३ डॉलर गावात फिरत राहतात, तर गावातल्या स्वतंत्र पुस्तक आणि संगीताच्या दुकानांत खर्च झालेल्या १०० पैकी ४५. आकडा झकास आहे, पण तो ऑस्टिनचा आहे, पुस्तकांचा आणि सीड्यांचा आहे. खांदा कॉलनीतल्या कुर्त्याचं कापड सुरतेहून किंवा जयपूरहून येतं, म्हणजे बराचसा पैसा तिकडे जाणारच. इथे राहतं काय? शिलाई, भाडं, ताईंचा नफा, आणि मास्टरचा पगार. शिवाय फॉल-पिको आणि हातशिलाई घरी नेऊन करणाऱ्या बायकांची मजुरी, हे तर कुणी मोजतच नाही. दुपारी पोरं शाळेत गेली की चार तास मिळतात, त्यात गळ्याला टाके घालून घरखर्चाला हातभार लावणारी बाई ॲपवाल्या गोदामात कुठे बसणार? तेव्हा आकडा उसना नको. जे इथे डोळ्यांना दिसतं तेच पुरेसं आहे.

तरुण वाचक आता म्हणणार, काका, झुडिओत टीशर्ट किती स्वस्त मिळतो माहितीये का? माहितीये. सीकेटी कॉलेजच्या पोराला रोज घालायला टीशर्ट हवा असेल तर त्याने जरूर तिकडून घ्यावा. मी त्याला नैतिकतेचे डोस पाजणार नाही. उलट त्या झुडिओकडूनच शिकण्यासारखं आहे. टाटांच्या ट्रेंटचं हे दुकान ऑनलाइन विक्रीच्या भानगडीत पडलं नाही, जाहिरातींचा मारा करण्यातही नाही. लोक येतात ते एकमेकांनी सांगितलं म्हणून. एवढी मोठी साखळी तोंडी प्रसिद्धीवर चालते, आणि एका दुकानाच्या ताईंना मात्र आपण सांगतो की रील बनवा, ट्रेंडिंग गाणं लावा, नाचा!

मग बुटिकने काय सांगावं? माझ्या मते एकच गोष्ट. माप.

एम, एल, एक्सएल ही अक्षरं आपण देवाने दिल्यासारखी वापरतो. पण भारतीय शरीराचा असा प्रमाण तक्ताच आपल्याकडे नव्हता. तो करायला वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट ह्यांनी 'इंडियासाइझ' नावाचा प्रकल्प काढला. सहा शहरांतल्या २५,००० माणसांची मापं त्रिमिती स्कॅनरने घ्यायची अशी योजना २०१८ मध्ये जाहीर झाली. (निफ्टचा मुंबई कॅंपस आपल्या खारघरलाच आहे बरं का, खांदेश्वरपासून दोन स्टेशनं.) म्हणजे रेडिमेडचा धंदा आपल्याकडे इतकी वर्षं उसन्या आणि अंदाजपंचे मापांवर चालला. एका ब्रँडचा एल दुसऱ्याच्या एमएवढा, तिसऱ्याचा खांद्यात बसतो तर कमरेत अडकतो. मग परत पाठवा, पुन्हा मागवा. पार्सलवाला पोरगा तिसऱ्यांदा येतो तेव्हा आपल्यालाच लाज वाटते.

आणि इकडे ताईंच्या काउंटरखाली एक वही आहे. कोपरे दुमडलेली, तेलकट हातांची. तिच्यात खांदा, छाती, कंबर, बाही, उंची, गळा पुढून, गळा मागून. एकेका गिऱ्हाईकाचं, तारखेसकट. बाळंतपणाआधीचं आणि नंतरचं. 'डावा खांदा किंचित उतरता' अशा टिपांसकट. ही वही म्हणजे कुठल्याही फॅशन कंपनीने जीव टाकावा असा डेटाबेस आहे. तिला क्लाउड नाही, लॉगिन नाही, आणि ती कुणाला विकलेली नाही.

शिवणकामात 'माया' म्हणून एक गोष्ट असते. शिवणीच्या आत मुद्दाम ठेवलेलं जादा कापड. पुढे अंग भरलं की टीप उसवून तोच ब्लाउज सैल करता येतो. कारखान्यातला कपडा कापताना सेंटिमीटरचा हिशेब असतो, तिथे माया परवडत नाही. चांगला मास्टर दोन्ही बाजूंना बोटभर ठेवतो. म्हणजे ताईंकडचा पंधराशेचा ब्लाउज आणि ॲपवरचा आठशेचा ब्लाउज ह्यांची तुलनाच चुकीची आहे. समजा पहिला उसवून-आवळून सहा वर्षं चालला आणि दुसरा दीड वर्षात कपाटाच्या तळाशी गेला, तर स्वस्त कोणता? हा हिशेब बुटिकच्या दारावर लिहिलेला हवा. त्याऐवजी तिथे काय लिहिलेलं असतं? 'एक्सक्लुझिव कलेक्शन'. अरे, ते तर सगळेच म्हणतात!

आता ताईंनाही दोन शब्द. वकिली करायची म्हणजे अशिलाच्या चुका झाकायच्या असं नाही.

एक, 'किंमतीसाठी इनबॉक्स करा' हा प्रकार बंद करा. किंमत लपवली की माणूस समजतो, तोंड बघून सांगणार. दोन, तारीख पाळा. दिवाळीचा ब्लाउज वसुबारसेला मिळायला हवा, लक्ष्मीपूजनाच्या रात्री नऊ वाजता नव्हे. आठ दिवस लागणार असतील तर दहा सांगा, आणि नवव्या दिवशी द्या. तीन, पाटी. मार्च २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांनाही मराठीत पाटी लावणं बंधनकारक झालं आहे. पण कायदा म्हणून कशाला, अक्कल म्हणून लावा. समोरच्या इमारतीतल्या आजींना तुमचं वळणदार इंग्रजी नाव वाचता येत नाही, आणि नातवाच्या मुंजीतली सात परकर-पोलकी शिवायचं कंत्राट त्यांच्या हातात असतं.

चार, नाव कमावलेल्या 'इन्फ्लुएन्सर'ला फुकट ड्रेस देऊन रील करून घेऊ नका. आणि घेतलीच तर तिला स्पष्ट सांगायला लावा की ड्रेस फुकट मिळाला आहे. जाहिरातदाराशी असलेला संबंध उघड करायचा, असं २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धच्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. हेच तुम्हा-आम्हालाही लागू. दुकान वहिनीचं असेल तर "वहिनीचं आहे" म्हणून सांगा आणि मग हवं तेवढं कौतुक करा. शेजाऱ्याच्या शब्दाला वजन असतं ते तो विकत घेतलेला नसतो म्हणून.

आणि हा शब्द द्यायचा कसा? गूगलच्या नकाशावर "मस्त! नाइस कलेक्शन" असे पाच तारे टाकून काही होत नाही. ते कुणीच वाचत नाही. असं लिहा: "कॉटनचा कुर्ता शिवून घेतला. सहा दिवस सांगितले, आठ लागले. शिलाई सहाशे. काखेत घट्ट होता, दुसऱ्या दिवशी पैसे न घेता सैल करून दिला." बघा, ह्यात तक्रारही आहे आणि कौतुकही. असल्या पाच ओळी पन्नास ताऱ्यांना भारी पडतात. जवळचं दुकान शोधताना गूगल तीन गोष्टी बघतं असं ते स्वतःच सांगतं: शोधलेल्या गोष्टीशी दुकान जुळतं का, ते किती जवळ आहे, आणि त्याचा बोलबाला किती. जवळ असणं ताईंना फुकटात मिळालेलं आहे. जुळणं आणि बोलबाला तुमच्या त्या पाच ओळींतून येऊ शकतो. लिलाव नाही, बोली नाही.

तक्रार मोठी असेल तर मात्र आधी दुकानात जाऊन सांगा. ॲपवर तोंड नसतं म्हणून आपण तारे देतो. इथे समोर माणूस आहे.

आणि हो, दुकानात उभं राहून मोबाइलवर ॲपचा स्क्रीनशॉट दाखवत "हे तर सहाशेला मिळतंय" म्हणणं सोडा. हापिसात तुमच्या मॅनेजरने दुसऱ्या कुणाचा पगार दाखवून असा भाव पाडला तर तुम्ही त्याच रात्री रेझ्युमे अपडेट कराल. तीन-तीन ड्रेस घालून बघायचे, रंग नि माप नक्की करायचं आणि घरी येऊन ऑनलाइन मागवायचं, ही तर सरळसरळ चोरी आहे. तिथला आरसा, पंखा, ताईंचा अर्धा तास, ह्याचं भाडं त्या भरतात, तुम्ही नाही.

हे सगळं आत्ताच का बोलायचं? कारण आपल्या भागाचा भाव बदलतोय. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. घरमालक आणि दुकानमालक आकाशाकडे बघून भाडं ठरवायला लागले तर नवल नाही. सिडकोने सेक्टर आखले तेव्हा कल्पना अशी होती की रोजच्या गरजेचं दुकान चालत जाण्याच्या अंतरावर असावं. आखणी कागदावर राहते, पण गाळ्यात कोण बसणार हे भाडं ठरवतं. भाडं वाढलं की सगळ्यात आधी ज्याचा नफा बोटभर आहे तो उठतो. त्याच्या जागी एटीएम येतं, इस्टेट एजंट येतो, नाहीतर आणखी एक औषधाचं दुकान. मग संध्याकाळी सात वाजता उजेड असलेलं, ओळखीचं माणूस बसलेलं, पोरीला क्लासहून यायला उशीर झाला तर "ताईंकडे थांब, मी येते" असं सांगता येईल असं एक दार कमी होतं. ही सोय कुठल्याही ॲपच्या कार्टमध्ये घालता येत नाही.

मायबाप सरकार वाचवेल म्हणून थांबू नका. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा छोट्या दुकानदाराला उलाढाल कितीही कमी असली तरी ऑनलाइन बाजारात माल विकायला आधी नोंदणी सक्तीची होती. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहानांना त्यातून सूट मिळायला १ ऑक्टोबर २०२३ उजाडला. सहा वर्षं! तेवढ्यात किती मशिनी बंद पडल्या असतील ते कुणी मोजलेलं नाही.

तेव्हा मंडळी, फार मोठं काही मागत नाही. दिवा लावू नका, डोळे पुसू नका, फॉरवर्ड करू नका. ह्या आठवड्यात तुमच्या गल्लीतल्या बुटिकचा नंबर सेव्ह करा, मागे शिवून घेतलेल्या एका कपड्याबद्दल पाच खऱ्या ओळी लिहा, आणि बाकी राहिलेली शिलाई असेल तर ती देऊन टाका. उधारीवर चालणारं प्रेम दुकानाला परवडत नाही.

आणि तुम्ही ग्रुप ॲडमिन असाल तर... शनिवार, दहा ते बारा. बघा जमतंय का.